अस्पष्ट प्रतिमा आणि मूळ नोंद

धर्माबादहून निजामाबादकडे जाणाऱ्या आगगाडीने महाराष्ट्राची सीमा ओलांडली की थोड्याच वेळात बासर हे स्थानक लागते. गोदावरीच्या काठचे हे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून ते निर्मल जिल्ह्यात मोडते. येथील ज्ञान सरस्वतीच्या मंदिरात तेलुगू आणि मराठी अशा दोन्ही मुलखांतील आईबाप आपल्या लेकरांना अक्षराभ्यासासाठी आणतात व त्यांचा हात धरून पहिले अक्षर गिरवून घेतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा एका राज्यात आणि हा मुलूख दुसऱ्या राज्यात गेला, तरी माणसांचे, सोयरिकींचे व रोजगाराचे येणेजाणे काही थांबले नाही. अशाच एका कुटुंबाच्या निमित्ताने प्रस्तुत लेखाचा विषय माझ्यापुढे आला.

मूळचे मराठवाड्यातील हे ख्रिस्ती कुटुंब बासरला स्थायिक झाले आहे. मुलाचा विवाह तेलुगू भाषिक धर्मग्रामातील मुलीशी ठरला, आणि तेथील धर्मगुरूंनी नियमाप्रमाणे वराच्या स्नानसंस्काराचा दाखला मागितला. वराच्या जुन्या गावच्या धर्मशिक्षकांनी दाखल्याऐवजी नोंदवहीच्या पानाचे छायाचित्र धाडून दिले. नोंदवही चाळीस किलोमीटरवरील मुख्य ठाण्यावर असते. पण तेथील तरुण मंडळींनी २०२१ साली सर्व पानांची छायाचित्रे घेऊन ती आंतरजालावरील साठ्यात, ज्यास ‘क्लाउड’ असे म्हणतात तेथे, ठेवली होती. तेव्हापासून वही उघडण्याचे श्रम कोणी घेईनासे झाले होते. त्या छायाचित्रातील मराठी हस्ताक्षर तेलुगू धर्मगुरूंना वाचता येईना, म्हणून त्यांनी ते माझ्याकडे पाठविले.

मला तरी ते कोठे वाचता आले? एकाच पानावर, एकाच दिवशी संस्कार झालेल्या दोन चुलत भावांची नोंद होती. आपल्याकडील रीतीप्रमाणे दोघांनाही आजोबांचेच नाव ठेवलेले. वडिलांची नावे भिन्न, पण ‘दादाराव’ आणि ‘बाबाराव’ या दोन नावांच्या आकृतींत जेवढे अंतर आहे तेवढेच अंतर त्यांत होते. एकाचे जन्मवर्ष १९९१, दुसऱ्याचे १९९९. छायाचित्रात मात्र दोन्ही ओळींवर शेवटचा अंक म्हणजे शाईचा एक धूसर ठिपका होता. विवाहाची टीप स्नानसंस्काराच्या नोंदीसमोर लिहावयाची असते, हे वाचकांस विदित आहेच. ती टीप चुकीच्या ओळीसमोर पडली असती, तर एका भावाचा विवाह दुसऱ्याच्या नावे लागला असता, आणि दहा वर्षांनी त्या दुसऱ्याला आपण अविवाहित असल्याचे सिद्ध करीत फिरावे लागले असते.

असे प्रसंग आता वारंवार येतात. ‘फादर, क्लाउडमधले फोटो पुसट झाले आहेत, दुरुस्त कसे करावेत?’ असा प्रश्न मला धर्मशिक्षकांकडून अनेकदा विचारला जातो. येथे पहिली समजूत दुरुस्त करावी लागेल. शाई ज्याप्रमाणे काळाने फिकी पडते, त्याप्रमाणे साठ्यात ठेवलेली प्रतिमा आपोआप पुसट होत नाही. ती पुसट दिसत असेल, तर एक तर तिची धाकटी नक्कल आपल्याला दाखविली जात आहे आणि स्पष्ट मूळ मागे सुरक्षित आहे. नाही तर साठ्यात पोहोचण्यापूर्वीच तिचा तपशील गळून गेला आहे. पहिल्या स्थितीत इलाज आहे. दुसऱ्या स्थितीत त्या प्रतिमेवर इलाज नाही, तिच्या मागे जाऊन मूळ शोधणे एवढेच हाती राहते. या दोन स्थितींतला भेद न ओळखल्याने लोक नको तेथे कष्ट करतात आणि हवे तेथे हात गाळून बसतात.

पहिल्या स्थितीचे उदाहरण रोजचे आहे. गूगल ड्राइव्हमधील मोठे छायाचित्र किंवा पीडीएफ आपण नुसते उघडून पाहतो, तेव्हा ते लवकर दिसावे म्हणून त्याची लहान केलेली प्रत पडद्यावर येते. ती मोठी करून पाहिली की अक्षरे फुटतात. अशा वेळी फाइल आपल्या यंत्रावर उतरवून घ्यावी, म्हणजे डाउनलोड करावी, आणि मगच तिच्याविषयी मत बनवावे. आयफोनमध्ये जागा वाचविण्याचा पर्याय चालू असल्यास पूर्ण चित्र आयक्लाउडमध्ये राहते व फोनमध्ये त्याची लहान प्रत ठेवली जाते. आंतरजालाची जोडणी चांगली असेल तर चित्र उघडून क्षणभर थांबल्यावर मूळ खाली उतरते. आपल्या खेड्यांतील जोडणी पाहता हा क्षण कधी कधी बराच लांबतो, हेही सांगितले पाहिजे. कित्येकदा ‘खराब झालेले’ छायाचित्र केवळ उतरत असते आणि आपण घाईने ते मिटून टाकतो.

दुसरी स्थिती अधिक गंभीर आहे, आणि तिचे कारण समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. प्रत्येक चित्र बारीक ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलांचे बनलेले असते. सतरा इंच रुंदीची उघडी नोंदवही आपण साध्या फोनने टिपली आणि चित्राची रुंदी ४००० ठिपके असली, तर कागदाच्या एका इंचास सुमारे २३५ ठिपके आले. हेच चित्र व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविले की त्याची लांब बाजू सुमारे १६०० ठिपक्यांवर येते. म्हणजे इंचास ९४. इंचाच्या दहाव्या भागाएवढ्या उंचीचे अक्षर धरले, तर पूर्वी त्याच्या वाट्याला तेवीस ठिपके होते, आता नऊ उरले. ९ या अंकाची गाठ किंवा १ या अंकाचे वळण त्यातील दोन-तीन ठिपक्यांत मावावयाचे! अनुस्वाराचे तर विचारूच नये. शिवाय १९९२ पासून प्रचारात असलेली जेपीईजी ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून त्यांतील सूक्ष्म चढउतार सोडून देते. आकाश, चेहरा, झाडे यांत ते सोडलेले लक्षात येत नाही. बोरूच्या किंवा टाकाच्या बारीक रेघेत ते तत्काळ दिसते. चित्र पुन्हा कापले, फिरविले, पुन्हा जतन केले की बहुधा पुन्हा तीच गळती होते.

तेव्हा पुसट प्रतिमा हाती आली की प्रथम तिची चौकशी करावी. फाइलच्या तपशिलात तिची लांबी-रुंदी व आकारमान लिहिलेले असते. पूर्ण पानाचे चित्र दीड-दोनशे केबीचेच असेल, तर त्यातील बराच तपशील गेलेला आहे असे समजावे. ॲन्ड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपमार्फत आलेल्या चित्राच्या नावात तारखेनंतर ‘डब्ल्यू’ आणि ‘ए’ ही दोन रोमन अक्षरे असतात. ती दिसली की ही मूळ प्रत नव्हे हे निश्चित. मग ते चित्र प्रथम कोणाच्या फोनने घेतले, याचा शोध घ्यावा. त्याच्याकडे ते अजून असू शकते. फोनमधून गेले असले तरी त्याच्या गूगल फोटोजमध्ये असू शकते. तेथे ‘ओरिजिनल क्वालिटी’ हा पर्याय असेल तर चित्र जसेच्या तसे मिळेल. ‘स्टोरेज सेव्हर’ हा पर्याय असेल, ज्यास २०२१ पूर्वी ‘हाय क्वालिटी’ असे भारदस्त नाव होते, तर चित्र दाबून ठेवलेले असेल. पण सोळा मेगापिक्सेलपर्यंतच्या चित्राची लांबी-रुंदी तरी कायम राहते. व्हॉट्सॲपच्या नेहमीच्या प्रतीपेक्षा ते पुष्कळ बरे. चुकून काढून टाकलेले चित्र गूगल फोटोजच्या कचरापेटीत साठ दिवस आणि ड्राइव्हच्या कचरापेटीत तीस दिवस राहते. ड्राइव्हमध्ये त्याच फाइलवर नवी प्रत चढविली असल्यास जुनी आवृत्तीही साधारण तीस दिवस परत मिळू शकते. म्हणून या शोधात दिरंगाई करू नये.

बासरच्या प्रकरणात हाच शोध उपयोगी पडला. त्या तरुणांपैकी एकाने सर्व छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून दुसऱ्यास दिली होती आणि त्या दुसऱ्याने ती ड्राइव्हमध्ये चढविली होती. पहिल्याच्या खात्यात मूळ आकाराची चित्रे अद्याप होती. ती मिळाल्यावर वहीची जवळजवळ सर्व पाने सुवाच्य झाली. जवळजवळ सर्व, असे म्हणतो. कारण आम्हांस हवे होते नेमके तेच पान टिपताना हात हलला होता. तेथे दोष साठ्याचा नव्हता, तेव्हा साठ्यात इलाजही नव्हता.

दरम्यान वराच्या एका उत्साही मित्राने निराळाच मार्ग काढला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका ॲपमध्ये त्याने ते पान घातले आणि क्षणार्धात लख्ख प्रतिमा मिळविली. अक्षरे काळीभोर, अंक ठसठशीत. वराच्या म्हणून समजल्या गेलेल्या ओळीवर १९९९ असे साल स्वच्छ दिसत होते. सर्वांना हायसे वाटले. मला मात्र त्या स्वच्छतेचीच भीती वाटली, आणि तिचे कारण येथे सविस्तर सांगितले पाहिजे.

गळून गेलेला तपशील कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही, कारण तो त्या फाइलमध्ये नसतोच. अशी ॲप्स लाखो चित्रांवरून शिकलेली असतात. या धूसर डागाच्या जागी बहुधा काय असावे याचा अंदाज ती बांधतात आणि तो अंदाज रंगवून देतात. चेहऱ्याच्या बाबतीत यात फारसे बिघडत नाही. आजीच्या पापणीचा एखादा केस कल्पित असला तरी कोणाचा वारसा बुडत नाही. नोंदवहीतील अंक मात्र एक तर खरा असतो नाही तर खोटा. पुसट चित्र ‘मला ठाऊक नाही’ असे प्रामाणिकपणे सांगत असते. सुधारलेले चित्र तीच अनभिज्ञता आत्मविश्वासाने लपविते.

ही शंका काल्पनिक नाही. २०१३ च्या ऑगस्ट महिन्यात डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांचा एक विलक्षण दोष उघडकीस आणला. बांधकामाच्या एका नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती. यंत्राने काढलेल्या प्रतीत तिन्ही खोल्यांत १४.१३ हाच आकडा उमटला. जागा वाचविण्यासाठी ते यंत्र एकसारख्या दिसणाऱ्या आकृती एकदाच साठवून सर्वत्र तीच वापरीत होते, आणि बारीक छपाईत त्यास भिन्न आकडे एकसारखे वाटले. प्रत किंचितही पुसट नव्हती, आणि म्हणूनच चूक कोणाच्या ध्यानी आली नाही. कंपनीने पुढे दुरुस्ती पुरविली. एका साध्या नक्कल काढणाऱ्या यंत्राकडून जे घडले, ते अंदाज बांधण्यासाठीच घडविलेल्या यंत्राकडून घडणार नाही असे कोणत्या आधारावर मानावे?

आपल्या परंपरेतही प्रतींचा हा प्रश्न नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले आणि त्याच शतकात आणखी दोनदा छापले गेले. पण त्या आवृत्त्यांची एकही मुद्रित प्रत आज ज्ञात नाही. आपल्यापर्यंत ते आले ते हस्तलिखित नकलांच्या द्वारे. १९०७ साली मंगळूर येथे निघालेली आवृत्ती अशा हस्तलिखितांवरूनच सिद्ध झाली. देवनागरीतील एक हस्तलिखित लंडनच्या मार्सडेन संग्रहात मिळाले. अशा ग्रंथाचा जबाबदार संपादक दोन प्रतींतील पाठभेद शेजारी नोंदवितो, न लागलेल्या अक्षराची जागा तशीच दाखवितो. सुबक वाचन व्हावे म्हणून स्वतःचे अक्षर मूळ म्हणून घुसडीत नाही. नोंदवहीच्या प्रतिमेकडे आपण याच दृष्टीने पाहावयास हवे.

येथे कायद्याचीही बाजू आहे. कॅनन कायद्याच्या १९८३ च्या संहितेतील ५३५ वा नियम प्रत्येक धर्मग्रामात नोंदवह्या ठेवण्यास सांगतो, विवाहादी टिपा स्नानसंस्काराच्या वहीत लिहिण्यास सांगतो आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जपण्यासही बजावतो. छायाचित्रे हे या जपणुकीचे चांगले साधन आहे. वाळवी आणि पुराने खाल्लेल्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ते वेगळे सांगावे लागणार नाही. परंतु दाखला वहीवरून द्यावयाचा असतो.

नव्याने छायाचित्रे घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे. एका वेळी एकच पान घ्यावे. तेरा इंच उंचीचे पान ४००० ठिपक्यांत घेतले तर इंचास तीनशेहून अधिक ठिपके मिळतात, आणि हस्ताक्षरासाठी तेवढे पुरते. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, फोन कशावर तरी टेकवून चित्र घ्यावे व पुढचे पान उलटण्यापूर्वी ते मोठे करून पाहावे. व्हॉट्सॲपवर पाठवावयाचे झाल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, म्हणजे ते जसेच्या तसे जाते. २०२३ पासून आलेला ‘एचडी’ पर्याय बरा असला तरी तोही चित्र दाबतोच. फोनमधील प्रत पुसण्यापूर्वी साठ्यातील चित्र उतरवून वाचून पाहावे. आणि साठ्याचा दुवा वाटेल त्यास खुला ठेवू नये; त्या वह्यांत लोकांच्या घरच्या गोष्टी आहेत.

अखेरीस मुख्य ठाण्यावरील धर्मगुरूंना मी दूरध्वनी केला. त्यांनी कपाटातून वही काढली, सकाळच्या उन्हात ओसरीवर धरली आणि त्या पानाचे एक चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठविले. वराचे साल १९९१ होते. ॲपने ठसठशीत केलेली ओळ धाकट्या चुलत भावाचीही नव्हती. ती वराचीच होती, फक्त शेवटच्या अंकाला यंत्राने आपल्या पदरची गाठ मारली होती. त्या सालावरून आम्ही ओळ धाकट्याची समजलो असतो. धर्मगुरूंनी स्वहस्ते दाखला लिहून बासरला पाठविला, विवाह ठरल्या दिवशी झाला आणि टीप योग्य ओळीसमोर पडली. ती लख्ख प्रतिमा साठ्यातून काढून टाकावी असे काहींचे म्हणणे होते. मी ती ठेवावयास सांगितली. तिच्या नावापुढे मात्र ‘नोंदीसाठी वापरू नये’ असे लिहून घेतले आहे.