सिग्नल मोठ्याने का म्हणायचा?

भुसावळहून खंडव्याकडे किंवा मनमाडकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनात सतत एक संवाद चालू असतो. लांबवर सिग्नल दिसला रे दिसला, की सहायक लोको पायलट हात पुढे करून मोठ्याने सांगतो, ‘डबल यलो’, म्हणजे दोन पिवळे दिवे. लोको पायलटही हात करून तेच शब्द तेवढ्याच स्पष्टपणे उच्चारतो. पुढे ‘होम’ सिग्नल आला, ‘स्टार्टर’ सिग्नल आला, की पुन्हा तेच. सिग्नल दोघांनाही दिसत असतो, तरी बोलायचं. रेल्वेच्या सामान्य नियमांतला ३.८३ क्रमांकाचा नियमच तसा आहे.

वर्षानुवर्षं याच मार्गावर गाडी चालवणाऱ्या माणसावर ही सक्ती कशासाठी? सवयीवर गेल्या चाळीसेक वर्षांत जे संशोधन झालं, त्यात याचं उत्तर सापडतं.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अ‍ॅन ग्रेबिएल यांनी उंदरांना टी-आकाराच्या बोळात सोडलं. वळणावर योग्य दिशा निवडली की चॉकलेटचं दूध मिळे. सुरुवातीला मेंदूच्या तळाशी असलेल्या स्ट्रायटम या भागातल्या पेशी सबंध वाटभर सक्रिय असत. वाट अंगवळणी पडल्यावर चित्र बदललं. पेशी बोळाच्या तोंडाशी जाग्या होत आणि शेवटाला पुन्हा, मधल्या टप्प्यात मात्र जवळजवळ शांत राहत. मेंदूने सगळ्या हालचालींचं एकच गाठोडं बांधून टाकलं होतं. ते सुटायला सुरुवातीची खूण पुरेशी होती. सवयीमुळे डोक्यावरचा भार हलका होतो तो असा, आणि धोकाही नेमका त्या शांत टप्प्यातच दडलेला असतो.

केंब्रिजमध्ये ख्रिस्तोफर अ‍ॅडम्स आणि अँथनी डिकिन्सन यांनी १९८०च्या दशकात हा धोका मोजून दाखवला. उंदरांनी दांडी दाबली की साखरेची गोळी मिळायची. नंतर त्याच गोळीने त्यांना आजारी पाडून तिची शिसारी बसवली. शंभरेक वेळा दांडी दाबलेल्या उंदरांनी लगेच हात आखडता घेतला. पाचशे वेळा दाबलेले मात्र दाबतच राहिले. नको असलेल्या गोळीसाठी!

माणसं वेगळी नाहीत. वेंडी वुड आणि डेव्हिड नील यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रपटगृहातल्या काही प्रेक्षकांना आठवडाभरापूर्वीचे शिळे पॉपकॉर्न दिले. सिनेमा पाहताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय असलेल्यांनी शिळे पॉपकॉर्नही ताज्यांइतकेच संपवले, चव आवडली नाही असं सांगूनसुद्धा. तशीच सवय असलेल्या दुसऱ्या लोकांना सभेच्या खोलीत बसवलं, तर त्यांनी शिळे पॉपकॉर्न ताज्यांहून कमी खाल्ले. चित्रपटगृहातच, पण नेहमीचा नसलेल्या हाताने खायला लावलं, तरी हाच फरक पडला. म्हणजे सवय धरून ठेवते ती जागा आणि नेहमीची हालचाल. यातलं एक काही हललं, की माणूस पुन्हा विचार करू लागतो.

रेल्वेला हे अनुभवाने ठाऊक आहे. एखाद्या सेक्शनवर तीन महिन्यांहून जास्त काळ गाडी चालवली नसेल, तर अनुभवी लोको पायलटलाही आधी ‘रोड लर्निंग’ची फेरी करावी लागते. कौशल्य त्याच्यापाशी असतंच, पण कुठल्या वळणामागे सिग्नल आहे, कुठे फाटकाआधी शिटीची पाटी आहे, या खुणा ताज्या हव्यात.

इंजिनात ‘व्हीसीडी’ नावाचं यंत्रही असतं. साधारण मिनिटभर पायलटने कशालाच हात लावला नाही, तर दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो आणि तरीही दाद मिळाली नाही, तर ब्रेक लागतात. उपयोगी यंत्र आहे, पण त्याचं बटण दाबणंही सवयीचं होऊ शकतं. लंडनमध्ये लॅडब्रोक ग्रोव्ह इथे ५ ऑक्टोबर १९९९ रोजी झालेल्या अपघातात ३१ जण मरण पावले. सिग्नलच्या इशाऱ्याचा भोंगा तिथे वाजला होता, चालकाने तो बटण दाबून बंदही केला होता आणि गाडी तरी लाल सिग्नल ओलांडून गेली. सिग्नल नीट दिसत नव्हता, प्रशिक्षण अपुरं होतं, हे चौकशीत पुढे आलं. नुसत्या इशाऱ्यावर विसंबता येत नाही, हेही त्यातून दिसलं.

सिग्नल बोलून दाखवण्याचं मोल इथे कळतं. डोळा, हात, तोंड आणि कान एकाच गोष्टीवर आणले की सवयीच्या त्या गाठोड्याला मध्येच खीळ बसते. जपानी रेल्वेत ही पद्धत शंभरेक वर्षं जुनी. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये एका साध्या कामावर तिची चाचणी घेतली, तेव्हा शंभर कृतींमागे २.३८ असलेल्या चुका ०.३८ वर आल्या.

इंजिनातल्या माणसासाठी एवढा विचार झाला. रुळांवरून चालणाऱ्यासाठी? परवानगीशिवाय रूळ ओलांडणं हा रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण रोज त्याच वाटेने जाणाऱ्याला त्या क्षणी कलम आठवत नाही. मुंबईत वडाळा स्थानकाजवळ २०१०च्या सुमारास ‘फायनल माइल’ या संस्थेने मध्य रेल्वेबरोबर वेगळा मार्ग धरला. काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्यांना नीट कळावा. एका लांब शिटीऐवजी दोन तुटक शिट्या दिल्या. आणि गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे फलक लावले. तिथले मृत्यू कमी झाले.

रोजची वाट बदलायची तर नवी सवय लावावी लागते. ती २१ दिवसांत लागते, हा समज मात्र सोडून द्यावा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या ९६ जणांवरच्या अभ्यासात साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. एखादा दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही.

भुसावळ शहर रुळांच्या दोन्ही अंगांना पसरलेलं आहे आणि भुसावळ विभागही मध्य रेल्वेचाच. लोकांच्या पायवाटा जिथे रुळांवरून गेल्या आहेत, तिथे दंडाच्या पाटीबरोबर वडाळ्याचे हे उपाय रेल्वेने करून पाहावेत आणि नवा पादचारी पूल बांधताना त्याचा जिना त्या पायवाटेच्या तोंडाशीच उतरवावा.