पावती कोणाच्या नावावर?

'स्पीक एशिया' या ऑनलाइन सर्व्हेच्या कंपनीचा हिशेब ऐकायला झकास होता. 11,000 रुपये भरा, आठवड्याला दोन ऑनलाइन सर्व्हे भरा आणि प्रत्येकी 500 रुपये मिळवा. वर्षाचे झाले 52,000. ओळखीचा माणूस जोडला तर कमिशन वेगळं. प्रश्नांवर टिचक्या मारण्याचे एवढे पैसे नेमकं देतंय कोण, ही चौकशी फारशी कोणी केली नाही, कारण शेजाऱ्याच्या खात्यात पैसे खरोखरच जमा होत होते. मे 2011 मध्ये बोभाटा झाला. ज्यांची नावं ग्राहक म्हणून सांगितली जात होती, त्यांतल्या काही कंपन्यांनी हात झटकले आणि प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलं. तपासात पुढे आलेला आकडा सुमारे 24 लाख सभासदांचा आणि 2,200 कोटींहून अधिक रुपयांचा होता.

शेजाऱ्याला पैसे मिळाले, हा धंदा खरा असल्याचा पुरावा नव्हे. नव्याच्या 11,000 मधून जुन्याचे 500 भागतात, तोवर सगळ्यांनाच पैसे मिळतात.

म्हणून चेन मार्केटिंगची कुठलीही योजना जोखायची तर पहिला प्रश्न मालाच्या दर्जाचा नाही, पैसा कुठून येतो याचा आहे. साबण, प्रोटीन पावडर, पाण्याचा फिल्टर कंपनीबाहेरच्या गिऱ्हाइकाने गरजेपोटी घेतला आणि त्या विक्रीवर कमिशन मिळालं, तर तो व्यापार झाला. तोच डबा केवळ 'आयडी' मिळवण्यासाठी किंवा महिन्याचे पॉइंट भरण्यासाठी घेतला जात असेल, तर डबा हे निमित्त. खरी विक्री चालते ती सभासदत्वाची.

हॉटेलच्या हॉलमध्ये 'प्लॅन' दाखवला जातो तेव्हा व्हाइटबोर्डवर एक गोल काढतात, त्याखाली दोन, त्याखाली चार. डावीकडे एक, उजवीकडे एक अशी 'पेअर' लागली की चेक. दाखवणारा सहसा चौथ्या ओळीपाशी मार्कर खाली ठेवतो. त्याने दहाव्या ओळीपर्यंत जायला हवं. तिथे एकूण 1,023 गोल होतात आणि त्यांतले 512 एकट्या शेवटच्या ओळीत असतात. म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांच्या खाली कोणीच नाही. त्यांनी आळस केला म्हणून नव्हे. अशा भरलेल्या आकृतीत प्रत्येक नवी ओळ वरच्या सगळ्या ओळींच्या बेरजेपेक्षा एकाने मोठीच असते. 'मेहनत करणारा कमावतो' हे वाक्य या 512 जणांना कितीही वेळा ऐकवलं, तरी गणित बदलत नाही.

कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. 28 डिसेंबर 2021 रोजी अधिसूचित झालेल्या थेट विक्रीच्या नियमांनी पिरॅमिड आणि पैसे फिरवण्याच्या योजनांना बंदी घातली. विक्रेत्याकडून प्रवेश फी घेता येत नाही. त्याच्याशी लेखी करार हवा. तो ओळखपत्राशिवाय किंवा आधी वेळ न घेता कोणाच्या दारात जाऊ शकत नाही. 'आमच्याकडे जीएसटी नंबर आहे, कंपनी रजिस्टर्ड आहे' हे उत्तर मात्र कामाचं नाही. त्यातून कंपनी कागदावर आहे आणि तिची कराची नोंदणी झाली आहे एवढंच कळतं.

खरी पंचाईत मोठ्या, जुन्या, माल चांगला असलेल्या कंपन्यांबाबत होते. एप्रिल 2022 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने पिरॅमिड पद्धतीने फसवणूक केल्याचा आरोप ठेवून ॲमवे इंडियाची 757 कोटींहून अधिक रुपयांची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. अमेरिकेत हर्बालाइफला 2016 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनबरोबरच्या तडजोडीत 20 कोटी डॉलर मोजावे लागले. कमिशनच्या म्हणण्यानुसार, 'सेल्स लीडर' म्हणवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना 2014 या अख्ख्या वर्षात कंपनीकडून मिळालेला मोबदला सरासरी 300 डॉलरपेक्षा कमी होता. कंपनी बंद पडली नाही, पण यापुढे मोबदल्याचा किमान दोन तृतीयांश भाग नोंद असलेल्या किरकोळ विक्रीवरच द्यायचा, असं तिला मान्य करावं लागलं. एवढी नोंद ठेवायची वेळ आली, यातच बरंच आलं.

मग डिस्ट्रिब्युटरचं काय? तो बहुधा मावसभाऊ असतो, जुना वर्गमित्र किंवा सोसायटीतल्या काकू. त्याचा स्वतःचा विश्वास असतो, स्वतःचेही पैसे अडकलेले असतात, म्हणून त्याला भामटा म्हणायला जीभ रेटत नाही. पण पैसे फिरवणाऱ्या योजनांवरचा 1978 चा कायदा फक्त चालकाला धरत नाही. अशा योजनेत सभासद होणं, भाग घेणं, तिच्यासाठी पैसे घेणं किंवा पाठवणं हाही गुन्हा आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची. चार जणांना जोडून देणारा उद्या 'मीही फसलो' म्हणेल. ते खरंही असेल, पण त्या चौघांची तक्रार त्याच्याच नावाने होऊ शकते.

त्याच्याकडे दोन गोष्टी मागाव्यात: साखळीबाहेरच्या गिऱ्हाइकांना फाडलेल्या गेल्या सहा महिन्यांतल्या पावत्या, आणि त्याच काळात त्याने स्वतः घेतलेल्या मालाची बिलं. पावत्या जाड आणि बिलं थोडी असतील, तर बोलणं पुढे न्यायला हरकत नाही. बऱ्याचदा दोन्हींऐवजी अपलाइनचा, म्हणजे साखळीत त्याच्या वर असलेल्याचा, नव्या गाडीबरोबरचा फोटो येतो.