उंचीचं गुपित डोळ्यांच्या मागे!

मुलांनो, प्रार्थनेला उंचीनुसार रांग करा म्हटलं, की सगळ्यांत पुढे कोण हे ठरलेलंच असतं, नाही का? आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शाळेतही तसंच आहे. मागून कुणीतरी हळूच 'ए टिंगू!' म्हणतं, सगळी रांग खुदखुदते आणि पुढचा गडी मान खाली घालतो. आज त्याच्याविषयी थोडं बोलू या.

उंची कमी असण्याची कारणं पुष्कळ आहेत. आईवडीलच बुटके असतील, तर मूलही बहुधा तसंच होतं; त्यात काळजीचं काही नाही. कुणाला सकस अन्न मिळत नाही, कुणाला जुना आजार असतो. पण काही थोड्या मुलांच्या बाबतीत कारण दडलेलं असतं वाटाण्याएवढ्या एका ग्रंथीत. तिचं नाव पीयूषिका. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका छोट्याशा खळग्यात ती बसलेली असते. ती रक्तात वृद्धी संप्रेरक सोडते. ते यकृताकडून आणखी एक द्रव्य तयार करून घेतं आणि मग हाडांना हुकूम सुटतो, 'वाढा!'

आता गंमत बघा. हा हुकूम डोळ्यांपर्यंतही पोचतो. जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असतो. मोठेपणी तो सुमारे २४ मिलिमीटर होतो. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, अगदी पिंपळाच्या पानावरच्या शिरांसारखं. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९९ साली हे संप्रेरक कमी असलेल्या मुलांचे डोळे तपासले. त्यांच्या जाळ्याला इतर मुलांपेक्षा फांद्या कमी दिसल्या. पण म्हणून बुटक्या मुलाला कमी दिसतं, असं मुळीच समजू नका बरं का! बहुतेकांची नजर चांगलीच असते.

मग काळजी कधी करायची? दोन्ही डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेता या ग्रंथीच्या अगदी डोक्यावर एकमेकींना भेटतात. तिथे गाठ झाली, तर ग्रंथी आणि चेता दोन्हींवर दाब येतो. उंची वाढायची थांबते, डोकं दुखतं आणि बाजूचं दिसेनासं होतं. समोरचा फळा दिसतो, पण दाराची चौकट खांद्याला लागते! अशा मुलाला आम्ही शिक्षकसुद्धा 'नीट बघून चाल की' म्हणून मोकळे होतो. काही बाळांची तर डोळ्याची चेता जन्मतःच बारीक असते आणि ग्रंथीही अपुरी असते. त्यांचे डोळे सारखे हलत राहतात.

पूर्वी हे संप्रेरक मृत माणसांच्या ग्रंथींतून काढावं लागे. १९८५ पासून ते प्रयोगशाळेत जीवाणूंकडून बनवून घेतलेलं मिळू लागलं. त्याची इंजेक्शनं बरीच वर्षं घ्यावी लागतात आणि ती महागही असतात. हाडांची टोकं एकदा जुळली, की त्यांनी उंची वाढत नाही. चेतेचं झालेलं नुकसानही त्यांनी भरून येत नाही. म्हणूनच लवकर कळायला हवं.

पालकांनो, दर वाढदिवसाला भिंतीवर पेन्सिलीने मुलाच्या उंचीची खूण करा. पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. वाढ ४ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर डॉक्टरांना दाखवा. नुसतं दांडीला लोंबकळून भागणार नाही! २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचं पथक तपासणीला शाळेत येतं, तेव्हा उंचीबद्दल आणि नजरेबद्दलही मोकळेपणाने सांगा.

आणि मुलांनो, रांगेतल्या पहिल्या गड्याला उद्यापासून त्याच्या नावानेच हाक मारा. तो सारखा दाराला धडकत असेल, तर हसू नका, बाईंना नाहीतर गुरुजींना सांगा. तुमच्या त्या एका सांगण्याने कदाचित त्याची नजर वाचेल.