ओपीजीत आखूड दिसलेली मुळं

दातांना तारा लावून वर्ष झालं, की आधीची आणि आताची ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, शेजारी धरून घरातलं कोणीतरी म्हणतं, 'मुळं आखूड झाली की!' झालीही असतील. तारांच्या ओढीनं मुळाचं टोक थोडं झिजतं, हे अमेरिकेतल्या अल्बर्ट केचम यांनी १९२७ मध्येच एक्स-रेच्या आधारे मांडलं होतं. पण ही झीज मोजायला ओपीजी भरवशाची नाही.

ओपीजीचं यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि जबड्याच्या वळणाचा एक पट्टा तेवढा स्पष्ट टिपतं. पटाशीच्या दातांपाशी हा पट्टा फार अरुंद असतो. दात पुढे कललेला असला, तर मुळाचं टोक पट्ट्याबाहेर जातं, पुसट होतं आणि मूळ तिथेच संपल्यासारखं वाटतं. तारा तर दातांचा कलच बदलतात! हनुवटी जरा वरखाली झाली तरी चित्र बदलतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत ओपीजीवर मुळांची झीज २० टक्के किंवा त्याहूनही जास्त फुगलेली दिसू शकते, असं आढळलं. एवढ्यावरून तारा काढून टाकायचा हट्ट धरणं मला चुकीचं वाटतं.

त्यापेक्षा तोंडात ठेवून काढायचा छोटा एक्स-रे, म्हणजे आयओपीए, चांगला. मात्र तो होल्डर लावून, दाताला समांतर धरून काढलेला हवा. बोटानं धरलेली फिल्म तिरपी बसली, तर मूळ लांबट किंवा आखूड उमटतं. पडताळा सोपा आहे: हिरडीबाहेरचा दाताचा भाग झिजला किंवा तुटला नसेल, तर त्याची लांबी दोन्ही एक्स-रेंत सारखी भरली पाहिजे. ती भरत नसेल, तर मुळाच्या लांबीची थेट तुलना करू नये.

उलट, आयओपीए स्वच्छ दिसला म्हणजे मूळ शाबूत, हेही खरं नाही. ओठाकडच्या किंवा टाळूकडच्या बाजूला पडलेला खड्डा मुळाच्याच सावलीत लपतो. हाडात अडकलेला सुळा शेजारच्या दाताचं मूळ खात असल्याची शंका असेल, तेव्हा सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅनच हवा. तारा लावलेल्या प्रत्येक मुलाचा तो काढण्यात मात्र अर्थ नाही. त्याचा किरणोत्सर्ग आयओपीएच्या कितीतरी पट असतो, आणि दातांवरच्या धातूमुळे त्यातही पट्टे उमटतात.

'दुखत नाही, म्हणजे झीज नाही' हा समज सगळ्यांत घातक. ही झीज बहुधा दुखतच नाही. म्हणून उपचार सुरू झाल्यावर सहा ते नऊ महिन्यांनी पटाशीच्या वरच्या दातांचे आयओपीए काढून घ्यावेत. झीज दिसलीच, तर डॉक्टर दोन-तीन महिने ओढ थांबवतात. त्या काळात मुळावरचे खड्डे काही अंशी भरून येतात. गेलेली लांबी परत येत नाही, पण तारा निघाल्यावर झीज सहसा थांबते, आणि थोडं आखूड झालेलं मूळही, हिरड्या निरोगी असतील तर, वर्षानुवर्षं दात धरून ठेवतं.