कात्रीसाठी छापलेली नक्षी

भिंग धरलं की रेघ बोलायला लागते. कोरणीने कापलेली रेघ सुरुवातीला बारीक, मध्ये भरदार आणि शेवटी निमुळती होते. आम्लाने खाल्लेली रेघ एकाच जाडीने धावते आणि टोकाला बोथट थांबते. मी तांब्याच्या पत्र्यावर एचिंग करते, त्यामुळे झाँ-बाप्तिस्त पियेमाँच्या (१७२८–१८०८) चिनी थाटाच्या नक्षीतही मी आधी रेघच बघते.

लियोंचा हा चित्रकार माद्रिद, लिस्बन, लंडन, वॉर्सा असा हिंडला. चीनला मात्र कधी गेला नाही. तरी त्याच्या कागदांवर छत्र्या धरलेली माणसं, काटकुळे पूल आणि कुठल्याच बागेत न उगवणारी फुलं आहेत. हा सगळा हलकेपणा पत्र्यावर घडवावा लागतो. मेणाचा थर द्यायचा, तो धुराने काळा करायचा, सुईने रेखाटायचं आणि पत्रा आम्लात सोडायचा. दूरचा पूल पुसट हवा असेल तर पत्रा लवकर बाहेर काढून तेवढ्या भागावर रोगण फासायचं. जवळचं फूल पुन्हा आम्लात. जरा उशीर झाला की पूल काळा पडतो आणि तरंगणारं चित्र जमिनीवर येतं.

हे कागद भिंतीवर टांगायला नव्हतेच. १७६० च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट सेयरने ‘द लेडीज अम्यूझमेंट’ हे पुस्तक काढलं : २०० पत्र्यांचे छाप, दीड हजारांहून अधिक नमुने, त्यांत पियेमाँचे पुष्कळ. ते रंगवायचे, कापायचे, पेटीवर चिकटवायचे, वर रोगणाचे हात द्यायचे. अशा कामाच्या रोगणातली लाख आपल्याकडून जात असे. चिनी आणि भारतीय विषयांत हवी तेवढी मोकळीक घ्या, तिथे फुलपाखरू हत्तीलाही पेलतं, असं पुस्तकच सांगतं. दोन देशांना एकाच गाठोड्यात बांधणं मला खटकतं. पण नक्षीत वजनाचे नियम वेगळे असतात, हे त्या पुस्तकाने अचूक ओळखलं होतं.

ही नक्षी कागदावरच थांबली नाही. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी १७५६ साली सहा तासांत १२०० हून अधिक टाइल्स छापल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. पुढे या पुस्तकातले नमुनेही तिथल्या टाइल्सवर उतरले. पण झिलईवर पुसट आणि ठसठशीत रेघांमधलं अंतर बुजतं. पियेमाँ बघायचा तर कागदावरच, आणि तोही कात्रीतून वाचलेल्या.