मिठाचं भांडं आणि सरकारची युक्ती

ह्यांना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला तेव्हा मी एक युक्ती केली. पानात मीठ वाढायचं बंद केलं आणि मिठाचं भांडं ओट्यावर ठेवलं. हवं तर उठून घ्यावं! बहुतेक वेळा हे उठत नसत. तुमच्याही घरी लाडवांचा डबा वरच्या फळीवर आणि केळी मुलांच्या डोळ्यांसमोर असतातच ना?

अर्थशास्त्रात ह्यालाच ‘नज’ म्हणतात. सक्ती नाही, दंड नाही. मांडणीच अशी करायची की माणूस आपणहून योग्य ते करील. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन ह्या अमेरिकन विद्वानांनी २००८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. थेलर ह्यांना २०१७ साली नोबेल पारितोषिकही मिळालं.

आपल्या सरकारने ही युक्ती थेट स्वयंपाकघरात आणली. परवडत असेल तर गॅसची सबसिडी आपखुशीने सोडा, म्हणजे गरीब घरी गॅस पोचेल, असं आवाहन २०१५ साली झालं. सोडणाऱ्यांची नावं संकेतस्थळावर झळकली. साधारण वर्षभरात एक कोटीहून अधिक ग्राहकांनी सबसिडी सोडली. समजून-उमजून सोडली असेल, तर त्यात वावगं काहीच नाही.

पण वर्तमानपत्रांतून तक्रारीही आल्या. फोनवर सिलिंडर नोंदवताना चुकून भलतंच बटण दाबलं गेलं आणि सबसिडी बंद! जाताना एक बटण. परत मिळवायला मात्र अर्ज आणि एजन्सीच्या खेपा.

मग युक्ती कुठे संपते आणि लबाडी कुठे सुरू होते? मला ते घरातच कळलं. एकदा ह्यांनी मीठ मागितलं आणि मी “संपलं” म्हणून मोकळी झाले. रात्री ह्यांना बरणी दिसली. बोलले काही नाहीत, पण दुसऱ्या दिवशी जेवताना विचारलं, “आमटीत तरी मीठ आहे ना?” हेतू चांगला होता हो, पण विश्वासाला तडा गेलाच.

सरकारचंही तसंच आहे. म्हणून मैत्रिणींनो, कुठलाही अर्ज भरताना किंवा फोनवर बटण दाबताना एवढं पाहा: काय होणार ते उघड सांगितलंय का? ‘नको’ म्हणणं ‘हो’ म्हणण्याइतकंच सोपं आहे का? चूक झाली तर ती सहज सुधारता येते का? नसेल, तर हेतू कितीही चांगला असो, जाब विचारायला संकोचू नका.

मिठाचं भांडं आजही ओट्यावरच असतं. पण आता ह्यांना सांगून!