शिवाराचे छायाचित्र, शिवाराची नोंद

निसर्गदृश्यांचे छायाचित्रण म्हटले की सह्याद्रीचे कडे, कोकणचा किनारा किंवा हिमालयाची शिखरे डोळ्यांसमोर उभी राहतात. त्यासाठी दूरचा प्रवास करावा लागतो आणि किमती कॅमेरा हाती असावा लागतो, असाही एक समज आहे. या समजामुळे आपल्या गावाचे शिवार मात्र बहुधा छायाचित्रात येतच नाही. यवतमाळसारख्या जिल्ह्याचा विचार केला, तर ही उणीव केवळ कलेच्या क्षेत्रातील नाही. जमीन, पाणी आणि झाडोरा यांत होणाऱ्या बदलांचा पुरावाच त्यामुळे मागे राहत नाही.

दृश्यांनी समृद्ध जिल्हा

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वोत्तर सीमेवरून वर्धा नदी वाहते, तर दक्षिण सीमेवरून पैनगंगा. वणी तालुक्याच्या टोकाला पैनगंगा वर्धेला मिळते. मध्यभागी अजिंठ्याच्या रांगेचे फाटे आणि पठारे आहेत. बहुतेक भागात काळा पाषाण आणि त्यापासून बनलेली कापसाची काळी जमीन, तर वणी परिसरात चुनखडक व दगडी कोळसा अशी येथील भूरचना आहे. पांढरकवडा भागातील टिपेश्वर आणि उमरखेड भागातील पैनगंगा ही अभयारण्ये सागाच्या वनांसाठी परिचित आहेत. यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा आहे. या जिल्ह्याला समुद्र नसला, तरी इसापूर, अरुणावती, बेंबळा, पूस यांसारख्या जलाशयांचे विस्तीर्ण पाणी आहे. सकाळच्या शांत वेळी त्यांच्या काठावर घेतलेले जलदृश्य कोणत्याही किनाऱ्यावरील दृश्यापेक्षा उणे ठरू नये.

हा सारा परिसर झपाट्याने बदलत आला आहे. जलाशयांखाली जुने रस्ते आणि शिवारे गेली. वणी भागात उघड्या कोळसा खाणींनी जमिनीचे रूप पालटले. यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावर शतकाहून अधिक काळ धावलेली ‘शकुंतला’ ही अरुंद मापाची गाडी थांबली. हे बदल होण्यापूर्वी तेथील भूमी कशी दिसत होती, हे सांगणारी किती छायाचित्रे गावोगावी शिल्लक आहेत, हा प्रश्न प्रत्येक गावाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

साधे साधन पुरेसे

आज बहुतेक घरांत मोबाइल फोन आहे आणि त्यातील कॅमेरा भूदृश्याच्या चित्रणास पुरेसा आहे. त्याच्या मर्यादा मात्र जाणून घ्यावयास हव्यात. फोनचे मुख्य भिंग रुंद कोनाचे असते. त्यामुळे समोरचे फार मोठे क्षेत्र चौकटीत मावते, परंतु दूरची टेकडी इवलीशी दिसते. पडद्यावर बोटांनी चित्र मोठे केल्यास, स्वतंत्र दूरदर्शी भिंग नसलेल्या फोनमध्ये टेकडी जवळ येत नाही. चित्राचा मधला तुकडा कापून मोठा केला जातो आणि बारकावे नाहीसे होतात. त्यापेक्षा पुढे चालत जाणे हाच उत्तम उपाय होय. अग्रभागी धुरा, विहिरीचे थारोळे, बैलगाडीची वाट किंवा एखादे कडुनिंबाचे झाड घेतल्यास चित्राला खोली येते आणि दूरच्या वस्तूच्या आकाराचाही अंदाज येतो.

पहाटेच्या मंद प्रकाशात हात हलल्यास चित्र अस्पष्ट येते. तिपाई नसेल, तर कापडी पिशवीत सरकी किंवा ज्वारी भरावी, ती दगडावर ठेवून तिच्यावर फोन टेकवावा आणि दोन-तीन सेकंदांनी आपोआप चित्र घेणारी सोय वापरावी. पाण्याचे चित्र घेताना क्षितिजाची रेषा आडवी सरळ आहे ना, हे पाहावे. जलाशयाचे पाणी एका बाजूला कललेले दिसले, तर उत्तम दृश्यही बिघडते.

प्रकाशाची वेळ

भूदृश्याचे अर्धे यश वेळेवर अवलंबून असते. सूर्य क्षितिजाजवळ असता सावल्या लांब पडतात आणि जमिनीचे चढ-उतार, नांगरटीच्या रेषा व बांध उठून दिसतात. सूर्य माथ्यावर आला की सावल्या आखडतात आणि तीच जमीन सपाट भासते. यवतमाळ शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २०.४ अंशांवर असल्याने २२ मे आणि २२ जुलैच्या सुमारास मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. उन्हाळ्यातील दुपारची चित्रे निर्जीव का वाटतात, याचे हे एक कारण आहे.

सूर्योदयाची जागाही वर्षभर सरकत असते. या अक्षांशावर ती पूर्व दिशेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंशांपर्यंत जाते. जूनमध्ये एका टेकडीमागून उगवणारा सूर्य डिसेंबरात बराच दक्षिणेकडे उगवतो. शाळेच्या अंगणातून दर महिन्याला घेतलेली सूर्योदयाची चित्रे ओळीने मांडल्यास भूगोलाचा हा पाठ विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येईल.

पांढरा कापूस, काळी माती

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम उजळ आहे, असे गृहीत धरून चालतो. यवतमाळच्या शेतात हे गृहीतक दोनदा चुकते. वेचणीला आलेले कापसाचे शेत पांढरेशुभ्र असते, तेव्हा प्रकाश जास्त झाल्याचे समजून कॅमेरा तो कमी करतो आणि कापूस करडा दिसतो. उलट, उन्हाळी नांगरटीनंतरची काळी जमीन समोर असता तो प्रकाश वाढवतो आणि माती फिकट, धुरकट दिसते. म्हणून कापसाच्या चित्रात उजेड थोडा वाढवावा आणि काळ्या मातीच्या चित्रात तो थोडा कमी करावा. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर बोट टेकवून वर-खाली सरकवल्यास हे साधते. मातीचा रंग चित्रात खरा उमटला, तरच पुढे त्या चित्रावरून काही निष्कर्ष काढता येईल.

एकच जागा, अनेक वर्षे

एकाच जागेचे, एकाच दिशेने, ठराविक काळाने पुनःपुन्हा चित्र घेण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ मध्ये प्रदर्शित करण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी कुंडीतील रोपाच्या वाढीची चित्रे ठराविक अंतराने घेऊन लघुपट तयार केला होता. घरातील एक कुंडी आणि चिकाटी एवढ्यावर तो प्रयोग उभा होता. अमेरिका व मेक्सिकोच्या वाळवंटी प्रदेशात हेस्टिंग्ज व टर्नर या संशोधकांनी जुन्या छायाचित्रांच्या जागा शोधून तेथूनच पुन्हा चित्रे घेतली आणि वनस्पतींत झालेला बदल १९६५ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. त्यांतील काही जुनी चित्रे सीमा आखणीच्या वेळी घेतलेली होती. घेणाऱ्यांना त्यांच्या या उपयोगाची कल्पनाही नव्हती.

ग्रामपंचायतींना छायाचित्राचे महत्त्व अपरिचित नाही. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेत २०१७ च्या अखेरीपासून कामापूर्वीचे, काम चालू असतानाचे आणि काम पूर्ण झाल्यावरचे अशी स्थाननोंदीसह चित्रे घेण्याची पद्धत रूढ झाली. तथापि, अशा चित्रांत बंधारा दिसतो, त्याच्या वरचे व खालचे शिवार दिसत नाही. बंधाऱ्यात पाणी किती महिने टिकले, काठावर गवत वाढले का, गाळ किती साचला, या प्रश्नांची उत्तरे काम संपल्यानंतरच्या वर्षांत दडलेली असतात आणि तेव्हा कॅमेरा तेथे नसतो.

त्यासाठी एक साधी योजना आखता येईल. गावाने पाच जागा निवडाव्यात : नाला, तलाव किंवा विहीर, गायरान, वनाची कड आणि गावठाणाचे दर्शन घडवणारी उंच जागा. प्रत्येक ठिकाणी खुणेचा दगड रोवावा व चित्राची दिशा ठरवून ठेवावी. मेच्या अखेरीस, ऑगस्टच्या अखेरीस, नोव्हेंबरच्या मध्यास आणि पळस फुलल्यावर फाल्गुनात, अशी वर्षातून चार वेळा चित्रे घ्यावीत. दहा वर्षांत केवळ २०० चित्रे होतील. परंतु ती पाण्याचा, पिकांचा आणि वनाचा बोलका इतिहास ठरतील. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापन झालेल्या समित्यांकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. तिला या चित्रांची जोड देता येईल. १ मे किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत जुनी व नवी चित्रे शेजारी मांडल्यास पाण्याच्या कामांवरील चर्चेला डोळ्यांनी पाहता येणारा आधार मिळेल. शाळेतील वरच्या वर्गाकडे हे काम सोपवल्यास शिक्षक बदलले तरी नोंद खंडित होणार नाही.

जतन आणि खबरदारी

चित्र घेतल्यावर गाव, जागा, दिशा आणि दिनांक यांची नोंद वहीत करावी. निरोप पाठवण्याच्या अ‍ॅपवरून पाठविलेल्या चित्रातील बारकावे कमी होतात आणि त्याबरोबर नोंदलेली स्थानाची माहितीही सहसा गळून पडते. म्हणून मूळ प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवावी आणि दरवर्षी निवडक चित्रे कागदावर छापून घ्यावीत. फोन बदलतात, बिघडतात, हरवतात; कपाटातील छापील चित्र मात्र पुढील पिढीच्या हाती लागण्याची शक्यता अधिक असते. नोंदीसाठी घेतलेल्या चित्रांचे रंग नंतर भडक करू नयेत.

पावसाळ्यात सहस्रकुंडासारख्या ठिकाणी खडक निसरडे होतात आणि पाण्याची पातळी अकस्मात वाढते, म्हणून काठापासून दूर राहावे. विद्यार्थ्यांबरोबर एक जबाबदार मोठी व्यक्ती असावी. अभयारण्यात वनविभागाच्या नियमांनुसारच प्रवेश करावा आणि खासगी शेतात मालकाच्या संमतीनेच जावे.

शिवारातील चित्रणाला विशेष खर्च नाही. लागते ती नियमितता आणि ओळखीच्या जागेकडे लक्षपूर्वक पाहण्याची सवय. येत्या मेअखेरीस कोरड्या नाल्याचे पहिले चित्र घेतले गेले, तर ऑगस्टमधील दुसऱ्या चित्राशी ताडून पाहण्यास गावाजवळ काहीतरी असेल.